आपटखोली

माझं काम बॅगा आपटायचं. लग्न ठरताना आईने हे सासरी नीट सांगितलं नव्हतं. "मुलगी तपासणी विभागात आहे," एवढंच ती म्हणाली होती, आणि सासूबाईंनी आपल्या मनाने त्यात एक टेबल, एक पंखा आणि दोन शिपाई घालून घेतले होते. लग्नानंतर त्यांना कळलं की सूनबाई दिवसभर प्रवासी बॅगा छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकते, त्यांची हँडलं ओढते, चेनी उघडझाप करते आणि आत विटा भरून त्यांना लाकडी जिन्यावरून खाली ढकलते. "आणि ह्याचे पैसे देतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देतात. "मग आमच्या घरात तर सगळेच फुकट आपटतात," असं म्हणून त्यांनी मुलाकडे बघितलं.

कारखान्यात माझ्या खोलीच्या दारावर 'गुणवत्ता तपासणी कक्ष' अशी पाटी आहे, पण सगळे तिला आपटखोली म्हणतात आणि मला आपटेबाई. माझं आडनाव आपटे नाही. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायची, मग सोडून दिलं.

मला हे काम आवडतं. लोकांना आपलं काम आवडतं हे सांगायची लाज वाटते, कारण मग समोरच्याला वाटतं की हिला दुसरं काही जमत नसेल. मी पदविका घेतली ती याच कामाची, आणि काम मिळालं तेही हेच. बॅग टिकली की पास, फुटली की नापास. नापास झालेल्या बॅगेचं मला वाईटही वाटत नाही. इथे फुटली तर माझ्यासमोर फुटते, नाहीतर कुणा परक्या माणसाचे कपडे चारचौघांत सांडून फुटली असती. शिवाय दिवसभराचा राग तिथेच निघून जातो. मी घरी कधी भांडं आपटलं नाही, आणि त्याचं श्रेय आमचे हे स्वतःकडे घेतात.

असं बरं चाललेलं असताना मालकांचे गुडघे गेले. त्यांनी घरी बसायचं ठरवलं आणि कारभार जावयाकडे दिला. मालकांना मुलगी एकच, त्यामुळे जावईही एकच. दुसरा आणून बघायची सोय नव्हती.

जावईसाहेबांनी आल्या आल्या सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये जमवलं. ते कुठलंसं तीन दिवसांचं शिबिर करून आले होते आणि ते त्यांच्या तोंडावर अजून ताजं होतं. ते म्हणाले, "नवे शोध कोण लावतो? ज्याला आपलं काम आपल्यापेक्षा लहान वाटतं तो. त्याचं अर्धं डोकं शिल्लक राहतं. ते शिल्लक डोकं कारखान्याची संपत्ती आहे."

"रिकामं डोकं सैतानाचं घर," माझ्या शेजारचे हिशेबनीस पुटपुटले. ते या माणसाच्या सासऱ्याच्या तरुणपणापासून इथे आहेत, म्हणून त्यांचं पुटपुटणंही जरा मोठ्याने असतं.

जावईसाहेबांना ऐकू गेलं नाही. पुढचं त्यांचं म्हणणं असं, की आमच्या कारखान्यात प्रत्येक माणूस आपल्या कामाएवढाच आहे, आणि हाच आमचा रोग आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला एक पायरी खाली उतरवायचं. पगार तोच, काम खालचं. मग आपण या कामापेक्षा मोठे आहोत ही भावना आपोआप येईल, आणि मागोमाग शोध येतील.

पगार तोच म्हटल्यावर भांडायला जागा उरली नाही. सोमवारपासून हिशेबनीस फाटकावर गेले. उत्पादन व्यवस्थापक डिझाइनच्या टेबलावर आले, डिझायनर माझ्या आपटखोलीत आला, आणि मी लेबलं चिकटवायला गेले. लेबलं चिकटवणारी झाडू घेऊन उभी राहिली. झाडूवाल्याच्या खाली कुणीच नव्हतं, म्हणून त्याला आहे तिथेच ठेवलं, तर तोच सगळ्यांत जास्त रुसला. "म्हणजे मी एकटाच आपल्या लायकीचा?" असं तो भेटेल त्याला विचारत होता. सगळ्यांत वरचा माणूस एक पायरी खाली उतरणार का, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला आणि तिथूनच परत गेला.

दर सोमवारी जावईसाहेब प्रत्येकाच्या जागी येऊन विचारायचे, "काय वाटतंय?" बरोबर उत्तर होतं, "गुदमरतंय, साहेब." ते दिलं की साहेब खांदा थोपटायचे. लोकांनी हे दोन सोमवारांत ओळखलं. शिलाईखात्यापासून गोदामापर्यंत सगळा कारखाना इतका गुदमरू लागला की खिडक्या असून नसल्यासारख्या.

माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "लेबल वाकडं लागतंय, साहेब. शिकतेय हळूहळू."

"पण तुम्हाला हे काम लहान वाटतं ना?"

"नाही हो. अवघड वाटतं. त्या आधीच्या बाई एका फटक्यात सरळ लावायच्या."

साहेबांचा चेहरा पडला. जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही फार समाधानी आहात. हे कारखान्याला परवडणार नाही."

घरी हे सांगितलं तर आमचे हे पोट धरून हसले. "तुला समाधानी म्हणणारा पहिला माणूस भेटला," म्हणाले. मी हातातली कढई ओट्यावर ठेवली. म्हणजे मला वाटलं ठेवली. पलीकडच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "काय पडलं गं?"

तेव्हापासून आमच्या घरात रोज काहीतरी पडू लागलं.

शोध मात्र खरोखर लागले. खोटं कशाला बोलू? हिशेबनिसांनी फाटकाच्या कडीला दोरी बांधून ती आपल्या खुर्चीपर्यंत आणली. आता न उठता, डोळे न उघडता फाटक उघडायचं. कोण आलं, काय घेऊन गेलं, हे बघायची गरजच उरली नाही. त्यांना बक्षीस मिळालं. गोदामाचे साहेब चहा करण्यावर नेमले गेले होते. त्यांनी सकाळीच दिवसभराचा चहा एकदम करून ठेवायची युक्ती काढली, आणि संध्याकाळी आम्ही जे प्यायचो त्याला चहा म्हणायला जीभ वळायची नाही. त्यांनाही बक्षीस. उत्पादन व्यवस्थापकांना डिझाइनच्या टेबलावर बसून चित्रं काढणं म्हणजे अपमान वाटत होता, म्हणून त्यांनी चित्र सोपं केलं. हँडल पक्कं बसवायला चार रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे होते, ते त्यांनी दोन केले. बचत झाली म्हणून त्यांना तर हार घातला.

मी लेबलं लावता लावता बघत होते. एकूण शोधांत बॅग चांगली करणारा शोध एकही नव्हता. ज्याला जे काम नको होतं, त्याने ते न करण्याचा शोध लावला होता.

आणि माझ्या खोलीतून आवाज यायचा बंद झाला होता. आपटखोलीचा धाडधाड आवाज कारखान्यात घड्याळासारखा असायचा. तो थांबला तेव्हा मला आधी कानात काही झालंय असं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन डोकावले. डिझायनर स्टुलावर बसून कागदावर आकडेमोड करत होता. तो हुशार माणूस आहे, परदेशी विद्यापीठाची मोठी पदवी आहे त्याच्याकडे. चाकं चारी दिशांना वळणारी आमची पहिली बॅग त्याचीच. त्याच्या पायाशी एक बॅग होती, आणि तिला साधा ओरखडा नव्हता.

"आपटत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"गरज नाही. सूत्र काढलंय. प्लॅस्टिकची जाडी, वजन आणि उंची घातली की टिकेल की नाही ते कागदावर कळतं. सगळ्या पास आहेत."

"पण हँडल? हँडलला आता दोनच रिव्हेट आहेत. ते सूत्रात आहेत का?"

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, मी दोन वर्षं चाकांवर डोकं घासलं. आणि आता मी बॅगा खाली टाकायच्या? घरी बायकोला अजून सांगितलं नाही मी. रोज सकाळी मी तोच कोट घालून निघतो." मग तो पुन्हा कागदाकडे वळला. "दोन रिव्हेट हा माझा प्रश्न नाही. मी आता आपटखात्यात आहे."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यावर माणसाला बोलता येत नाही. मी लेबलं लावायला परत गेले. आपट-मुक्त चाचणी म्हणून त्या सूत्राला त्या महिन्याचं पहिलं बक्षीस मिळालं.

मला माझी खोली परत हवी होती. मोठं पद नको होतं, बक्षीस नको होतं. माझी फरशी, माझा लाकडी जिना आणि माझ्या विटा मला परत हव्या होत्या. पण हे सांगायचं कसं? वरची जागा मागितली तर लोक समजून घेतात. आपलीच जागा मागणाऱ्याकडे संशयाने बघतात.

तेवढ्यात नणंदबाई माहेरपणाला आल्या. जाताना त्यांना सासूबाईंनी मोठ्या तोऱ्यात आमच्या कारखान्याची नवी बॅग दिली, सूनबाईच्या सवलतीत घेतलेली. आम्ही दोघी पोचवायला गेलो होतो, तेव्हा बसस्थानकाच्या पायऱ्या चढताना वरून तिसऱ्या पायरीवर हँडल नणंदबाईंच्या हातात राहिलं आणि बॅग एकटीच माघारी निघाली. दणदण करत खाली गेली, वाटेत एका गृहस्थांच्या पोटरीवर बसली आणि तळाशी जाऊन उघडली. नणंदबाईंचे कपडे, अगदी आतले सुद्धा, एका ड्रायव्हरच्या पायाशी पसरले. तो बिचारा आकाशाकडे बघत उभा राहिला.

मी ते गोळा करत होते, तेव्हा सासूबाई सावकाश खाली उतरल्या.

"तुझ्याच कारखान्याची ना गं ही?"

"हो."

"तपासलेली?"

माझी मान आयुष्यात इतकी खाली कधी गेली नव्हती. या बाईंनी सगळ्या नात्यात सांगून ठेवलं होतं की आमच्या सूनबाईने आपटलेली बॅग जन्मभर जाते.

दुसऱ्या दिवशी मी ते तुटलं हँडल घेऊन थेट जावईसाहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, मला खोली परत द्या."

"एका बॅगेवरून?"

"मग दहा आणते. तुमच्यासमोर आपटते."

त्यांना गालिच्याची काळजी वाटली असावी. त्यांनी आठवडाभरासाठी मला आपटखोलीत बसायला परवानगी दिली, 'तुलनात्मक प्रयोग' म्हणून. डिझायनर तिथेच राहिला, निरीक्षक म्हणून.

मी पहिली बॅग उचलली, छातीशी धरली आणि सोडली. धाड! पलीकडच्या शिलाईखात्यात कुणीतरी शीळ घातली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. बॅगेला मात्र बरं वाटलं नाही. दुसरीलाही नाही. दुपारपर्यंत दहातल्या सहा गेल्या, सगळ्या हँडलमध्ये. डिझायनर आधी स्टुलावर होता, मग उभा राहिला, मग त्याने एक निखळलेलं हँडल हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "माझे चार होते," तो हळूच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर विटा भरायला लागला. कोट मात्र काढला नाही.

आठवडा संपला तेव्हा नापास बॅगांचा ढीग दारापर्यंत आला होता. जावईसाहेब त्याला वळसा घालून आत आले.

"बाई, मी आकडे बघितले. डिझायनर एकटे होते तेव्हा एकही बॅग नापास नव्हती. तुम्ही आल्यावर दहातल्या सहा. मग मधे बदल काय झाला? तुम्ही आलात."

मी डिझायनरकडे बघितलं. तो ढिगाकडे बघत होता.

"साहेब, बॅगा मी फोडत नाही. त्या फुटतात. रिव्हेट चार करा, थांबतील."

"रिव्हेटच्या शोधाला आपण हार घातलाय," ते म्हणाले. "आता मागे कसं जायचं? नव्याने विचार करा. तुम्ही छातीपासून का टाकता? गुडघ्यापासून टाका. बघा, किती पास होतील."

तिथे माझं डोकं सटकलं. "गुडघा तरी कशाला?" मी म्हटलं. "जमिनीवरच ठेवा आणि जमिनीवरच तपासा. एक सुद्धा फुटणार नाही."

जावईसाहेबांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं.

"बाई, गप्प बसा," डिझायनर कानाशी कुजबुजला. पण माझी जीभ एकदा उताराला लागली की तिला ब्रेक नाही.

"त्यापेक्षा बनायच्या आधीच पास करून टाका. फरशी पण वाचेल."

"थांबा, थांबा," साहेब खिसे चाचपत म्हणाले. "शून्य उंची... आणि उत्पादनपूर्व मंजुरी. बाई! तुम्हाला राग आलाय ना?"

"आलाय."

"हे काम लहान वाटतंय?"

"तुम्ही गुडघ्यावर आणलंत, मग लहानच झालं की."

"बस! हेच मी इतके दिवस तुमच्यात शोधत होतो." त्यांना इतका आनंद झाला की ते जाताना ढिगाला वळसा घालायचंही विसरले, आणि एका बॅगेत पाय अडकून लंगडत गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी चिडून बोललेलं वाक्य आठ दिवसांत कारखान्याचं धोरण झालं. शून्य उंची चाचणी: बॅग जमिनीवर ठेवायची, तिच्याकडे बघायचं आणि पास करायची. त्यासाठी खोली लागत नाही, म्हणून आपटखोलीत बक्षिसांची कपाटं ठेवायचं ठरलं. माझा लाकडी जिना माझ्याच कल्पनेने सरपणात जाणार होता. आणि वर्षाचा सर्वोत्तम शोध म्हणून माझा सत्कार.

घरी मी हे सांगितलं तेव्हा आमचे हे पहिल्यांदाच हसले नाहीत. "जाऊ नकोस," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "जा. पण कुणी विचारलं तर खरं सांग. आधीच नाक कापलंय, आता कान तरी राहू देत."

सत्काराला जेवणाचा हॉल भरला होता. मालक काठी टेकत आले होते, पहिल्या रांगेत मुलीशेजारी बसले होते. हिशेबनीस फाटक दोरीवर सोडून आले होते. जावईसाहेब माइकवर सांगत होते की समाधानी माणूस कसा असमाधानी करता येतो, याचं मी जिवंत उदाहरण आहे. मी व्यासपीठावर मान खाली घालून उभी होते आणि मला रडू येत होतं. दुःखाचं नव्हे, रागाचं. इतकी वर्षं मी एका कामाला बरोबर पुरले होते. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

मग बक्षीस आणलं. ताज्या मालातली मोठी लाल बॅग, वर फीत. आत माझ्यासाठी प्रशस्तिपत्र, शाल आणि बारा चहाचे कप. जावईसाहेबांनी ती माझ्यापुढे ठेवली. मी हँडलला धरून उचलली. हँडल वर आलं. बॅग आली नाही.

मी हातातल्या हँडलकडे बघत होते, मालक माझ्याकडे बघत होते. क्षणभर मला वाटलं, झालं, सुटलो आपण सगळे. आता बोलायलाच नको.

पण जावईसाहेब कसले! त्यांनी माइक तोंडाशी नेला. "आणि मित्रहो, ही आणखी एक नवी सोय. सुटं हँडल!"

कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला, कारण बाकीचे वाजवत होते.

मी हँडल खाली ठेवलं. वाकून बॅगेच्या दोन्ही बाजूंना हात घातले आणि तिला छातीपर्यंत उचललं. टाळ्या जरा मंदावल्या. लोकांना वाटलं मी फोटोसाठी उभी आहे. मी बॅग सोडली.

धाड झालं. झाकण एकीकडे गेलं, चाक पहिल्या रांगेत गेलं, आणि बारा कपांचा चुरा शालीसकट व्यासपीठभर पसरला. मी जावईसाहेबांच्या हातातल्या माइकपाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "नापास."

मालकांनी काठीने पायाशी आलेलं चाक थांबवलं. मुलगी त्यांच्या कानाशी काही सांगायला वाकली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"बाई," ते म्हणाले, "हे सुट्या हँडलमुळे झालं का तुमच्या आपटण्यामुळे?"

"एकीवरून काय सांगणार, मालक?" मी म्हटलं.

"मग दुसरी आणा रे कुणीतरी."

हिशेबनीस उठायच्या आत मागच्या रांगेतून डिझायनर उठला. त्याने अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि गोदामात गेला. परत आला तेव्हा त्याच्याजवळ दोन बॅगा होत्या. एक त्याने डोक्यावर घेतली होती आणि दुसरी लहान मूल घ्यावं तशी खालून हात घालून पोटाशी धरली होती. हँडलला त्याने हात लावला नव्हता.